शेजारी मांडलेली सुपारी

शशिकांत बर्गे यांना विमानाची भीती नव्हती, सामान तपासणाऱ्या माणसांची होती. तरीही २०२०च्या फेब्रुवारीत पुण्याहून मुलाकडे निघताना त्यांनी मेतकूट, कांदा-लसूण मसाला आणि सुनेने 'आणू नका' असं बजावलेले आंबेमोहोर तांदूळ मोठ्या बॅगेत बिनदिक्कत कोंबले. पितळेची एक डबी तेवढी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. स्किपोलच्या विमानतळावर एका उंच अधिकाऱ्याने ती उघडायला लावली. आत तांदळाच्या चार दाण्यांवर हळदीने काळपट झालेली एक सुपारी होती. हे काय आहे, असं त्याने विचारलं. शशिकांतरावांना कामापुरतं इंग्रजी येत होतं, पण नेमका शब्द सापडेना. 'फॅमिली,' ते म्हणाले. अधिकाऱ्याने डबी नाकाशी नेली, मान डोलावली आणि परत दिली. सरकारी माणसाने आपलं म्हणणं इतक्या लवकर मान्य केल्याचं शशिकांतरावांना आठवत नव्हतं.

गृहस्थ सत्त्याहत्तर वर्षांचे, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. हट्टी, मितभाषी, आणि चहा बशीत ओतल्याशिवाय न पिणारे. बायको शैला दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून दापोडीच्या घरात एकटेच. मुलगा अंबरीश हूफडॉर्प या डच गावात सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता. सून गुंजन तिथल्याच एका ऑफिसात अकाउंट्स बघायची. नात संहिता बारा वर्षांची. तिला आजोबांचं मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं, आणि रागावली असेल तर डचमध्ये.

या खेपेला शशिकांतराव नुसता मुलाचा संसार बघायला आले नव्हते. पाडव्यानंतरची सायप्रसची तिकिटं अंबरीशने काढून ठेवली होती. भूमध्य समुद्रातल्या त्या बेटावर इंग्रजांच्या काळातली एक लष्करी दफनभूमी आहे आणि तिथे शशिकांतरावांचे वडील आहेत. वडील तिथे 'आहेत', असंच ते म्हणायचे.

ती हकिकत अशी. मनोहर बर्गे हा कोरेगावकडचा तरुण खडकीच्या सॅपर, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या, पलटणीत भरती झाला होता. बेचाळीस सालच्या उन्हाळ्यात रजेवर आला, तेव्हा घरच्यांनी त्याचं लग्न उरकून घेतलं. मग जोडीने सत्यनारायणाला बसायचं ठरलं. पूजेच्या आदल्या दिवशी रजा रद्द झाल्याची तार आली आणि मनोहर संध्याकाळच्या गाडीने गेला. इकडे पाहुणे जमलेले, प्रसादाचा रवा भाजून झालेला. भटजींनी मग नेहमीचा मार्ग काढला. नवरा हजर नसेल तर बायकोशेजारी पाटावर मूठभर तांदूळ ठेवून त्यावर सुपारी मांडतात. पूजेपुरता तोच नवरा. पूजा झाली की तिच्यावर अक्षता टाकायच्या आणि जागची जराशी हलवायची, म्हणजे तो मोकळा झाला आणि सुपारी परत साधी सुपारी झाली.

नवरी अनसूया सतरा वर्षांची होती. पूजा व्यवस्थित पार पडली. भटजी म्हणाले, 'आता हलवा.' तेव्हा तिने मान वर न करता, पण सगळ्या गोतावळ्याला ऐकू जाईल असं सांगितलं, 'ते आलं की मीच हलवीन.' सासूने डोळे वटारले, भटजी हसले. तिने सुपारी खालच्या तांदळासकट डबीत उतरवली आणि देव्हाऱ्यात ठेवून दिली.

पुढल्या वर्षी माघात मुलगा झाला, आणि त्याच पावसाळ्यात मनोहर त्या बेटावर वारला. लढाईत नव्हे. तिथे लढाई झालीच नाही, ही माणसं रस्ते आणि खंदक बांधत बसली होती. तापाने गेला. त्यामुळे गावाला त्याला वीर म्हणावं की नुसतं हळहळावं, हे शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मुलगा झाल्याचं मनोहरच्या कानावर गेलं की नाही, हेही कोणी सांगू शकलं नाही. शशिकांतरावांच्या मनात आयुष्यभर सलत राहिलेली गोष्ट ही एवढीच होती. आपण झालो हे आपल्या बापाला माहीत होतं का?

अनसूयाबाईंनी कुंकू पुसलं, कारण गावाने पुसायला लावलं. सुपारी हलवली नाही. किडीने धरू नये म्हणून दर पौर्णिमेला तिला ऊन दाखवायच्या, खालचे तांदूळ बदलायच्या. एकदा धाकट्या जावेने पाहुण्यांसाठी म्हणून तीच सुपारी अडकित्त्यात धरली. अनसूयाबाई चुलीपासून धावत आल्या आणि तिचं मनगट पकडलं. अडकित्त्याची खाच तेवढी राहिली. त्या दिवसापासून जाऊ त्यांना वचकून असे.

पुढे मुलाच्या खडकीच्या क्वार्टरमध्ये त्यांचं म्हातारपण बरं गेलं. शेवटच्या दुखण्यात त्यांनी डबी शशिकांतच्या हातात दिली. 'माझ्याच्यानं नाही हलवली गेली रे,' त्या म्हणाल्या. 'तू तिकडं जा. त्यांच्याजवळ नेऊन ठेव.'

शशिकांतराव 'हो' म्हणाले आणि वीस-बावीस वर्षं गेले नाहीत. आधी नोकरी, मग अंबरीशचं शिक्षण, मग शैलाचं आजारपण. आईला दिलेला शब्द माणूस विसरत नाही, पुढच्या वर्षावर ढकलतो. आता मात्र हूफडॉर्पहून बेट चार-साडेचार तासांवर होतं. संहिताने संगणकावर त्या जागेचा फोटोही काढून दिला. पांढऱ्या दगडांच्या ओळी, मध्ये हिरवळ. 'बाबांचं थडगं कुठलं?' त्यांनी विचारलं. संहिताने वाचून सांगितलं की हिंदू सोल्जर्सना तिथे क्रिमेट केलं होतं, सो ग्रेव्ह नाहीये, एका वॉलवर फक्त नावं आहेत. इतकी वर्षं मनात बांधलेला थडग्याचा ओटा शशिकांतरावांनी मोडून टाकला. मग म्हणाले, 'नाव असलं तरी पुरे. नावाशेजारी ठेवता येते.'

डबी त्यांनी आल्याआल्या खालच्या देव्हाऱ्यात ठेवली होती आणि सुपारीबद्दल घरात एवढंच सांगितलं होतं की ती आजीची आहे आणि तिकडे न्यायची आहे. पाटाची, अक्षतांची, 'ते आलं की हलवीन'ची गोष्ट सांगितली नाही. आईचं ते नवरीपण मुलासुनेसमोर काढायला त्यांना संकोच वाटे. घोळ झाला तो या संकोचामुळे. तेवढं एक वाक्य बोलले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मार्चमध्ये जग बंद झालं. विमानं जमिनीवर, शाळा घरात, आणि आल्बर्ट हाइनच्या दुकानात टॉयलेट पेपरची फडताळं रिकामी. स्किपोलजवळच्या त्या गावात दर दोन मिनिटांनी डोक्यावरून विमान जायचं, ते थांबलं. शशिकांतरावांना ती शांतता आवडायला हवी होती, पण त्यांना प्रत्येक न गेलेल्या विमानात आपलं तिकीट दिसत होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला अंबरीशला ताप आला. गुंजनने पहिल्याच दिवशी सासऱ्यांची गादी वरच्या माळ्यावर हलवली. 'बाबा, तुम्ही खाली यायचं नाही. जेवण मी जिन्यावर ठेवीन.' तिच्या आवाजात विनंती अजिबात नव्हती. हाउसआर्ट्स, म्हणजे तिथला घरचा डॉक्टर, फोनवर पॅरासिटामॉल घ्या म्हणत राहिला. सहाव्या दिवशी अंबरीशला वाक्य पुरं करता येईना, तेव्हा ॲम्ब्युलन्स आली. माळ्याच्या तिरप्या छपरातल्या खिडकीतून शशिकांतरावांनी मुलाला जाताना पाहिलं. त्याने वर बघून हात केला. बाप तापाने परमुलखात गेला, ही गोष्ट ऐकतच जो मोठा झाला, त्याला त्या वेळी काय वाटलं असेल, ते निराळं सांगायला नको.

दवाखान्यात कोणालाही भेटायला सोडत नव्हते. रोज एकदा नर्सचा फोन यायचा. ऑक्सिजन वाढवला, ऑक्सिजन तेवढाच आहे, उद्या बघू. गुंजन फोन ठेवून सासऱ्यांना जिन्याखालून बातमी द्यायची, आणि मग किचनमध्ये जाऊन उगाच भांडी घासायची. एका दुपारी तिने जाहीर केलं की ती सत्यनारायण घालणार. पुण्याचे जोगळेकर गुरुजी झूमवर पूजा सांगतात, मैत्रिणीने नंबर दिलाय.

'अंबरीश घरी आल्यावर घाल की,' शशिकांतराव जिन्यातून म्हणाले.

'तो यावा म्हणूनच घालतेय बाबा,' ती म्हणाली.

शनिवारी सकाळी पूजा सुरू झाली. गुंजन आणि संहिता खाली, गुरुजी पुण्यात, शशिकांतराव माळ्यावर टॅबलेटसमोर. सोवळं म्हणून त्यांनी स्वेटरवर उपरणं घेतलं होतं. मंत्रांत गोंधळ नको म्हणून गुरुजींनी गुंजनचा फोन सोडून बाकी सगळ्यांचे आवाज बंद केले होते. पडद्यावर गुरुजींचाच चेहरा दिसत होता, फार जवळून, आणि कधी नुसती हनुवटी. कथेत साधुवाण्याची नाव बुडाली, परत वर आली. शशिकांतरावांचे हात जोडलेले होते, मन दवाखान्यात होतं.

शेवटी गुरुजी म्हणाले, 'सगळ्यांना मांडणीचं दर्शन घडवा.' संहिताने फोन उचलून चौरंगावरून फिरवला. केळीच्या खुंटाऐवजी उभ्या केलेल्या ट्यूलिपच्या कुंड्या, स्टीलचा कलश, शिऱ्याची वाटी. मग गुंजनचा पाट. तिच्या शेजारी दुसरा पाट, त्यावर मूठभर तांदूळ, आणि तांदळावर सुपारी.

तिच्यावर अडकित्त्याची खाच होती.

'अगं ती नको,' शशिकांतराव म्हणाले. कोणी वळलं नाही. ते पुन्हा म्हणाले, मोठ्याने. टॅबलेटमधून संहिताचा शांत आवाज आला, 'आजोबा, यू आर म्यूटेड.'

'यजमानांच्या जागी सुपारी मांडलीत ना?' गुरुजी विचारत होते. 'उत्तरपूजाही आत्ताच उरकू, मला बाराला दुसरीकडे लॉगिन व्हायचंय. यजमानांवर अक्षता वाहा.'

शशिकांतरावांनी टॅबलेट टाकला आणि जिना गाठला. तिथले जिने उभे, अरुंद, शिडीचे भाऊबंद. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला ते उलटं तोंड करून उतरावे लागतात. ते मधल्या मजल्यावर पोचले तेव्हा गुरुजींचा आवाज आला, 'आता जरा हलवा.' शेवटच्या पायरीवर आले तेव्हा गुंजनच्या चिमूटभर अक्षता टाकून झाल्या होत्या आणि तिची दोन बोटं सुपारीवर होती. सुपारी बोटभर सरकली. जी गोष्ट अनसूयाबाईंनी सारा जन्म केली नाही, ती हूफडॉर्पच्या एका दिवाणखान्यात घडून गेली.

'बाबा, खाली का आलात? मास्क कुठेय?' गुंजन दचकून म्हणाली.

ते आल्या पावली वर गेले. त्या दिवशी जेवणाचं ताट जिन्यावर तसंच राहिलं, रात्रीचंही. त्यांना राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही कोणावर काढावं ते कळत नव्हतं. आईने जिवापाड बसवून ठेवलेला माणूस उठून गेला होता. आता बेटावर न्यायचं काय? सुपाऱ्या तर दापोडीच्या वाण्याकडे पोत्याने मिळतात.

दुसऱ्या दिवशी गुंजन मास्क लावून जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन बसली. 'बाबा, माझं काय चुकलं ते तरी सांगा.'

मग त्यांनी सांगितलं. तार, पाट, भटजी, अडकित्ता, सगळं. आईबद्दल इतकं सलग ते पहिल्यांदाच बोलत होते. गुंजन ऐकत राहिली. तिचा चेहरा मास्कमुळे दिसत नव्हता, डोळे तेवढे दिसत होते.

'घरात सुपारी नव्हती,' ती शेवटी म्हणाली. 'आपण क्वारंटाइनमध्ये, दुकानात जाणार कोण? मला वाटलं आजीचीच आहे, शुभच असेल. मला माहीत असतं तर हात नसता लावला बाबा.' थोडं थांबून ती म्हणाली, 'पण एक सांगू? गुरुजी हलवा म्हणाले तेव्हा मी पटकन हलवली. मला भीती वाटत होती, मी त्याला तिथेच बसवून ठेवलं तर तो दवाखान्यातच राहील. सोडला तरच घरी येईल ना?'

शशिकांतराव तिला माफ करून मोकळे झाले असं नाही, ते तेवढे थोर नव्हते. पण त्या रात्री ते जेवले. आईने बाबांना धरून ठेवलं होतं की बाबांनी आईला, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला होता. सतराव्या वर्षी ती त्या पाटावर बसली, आणि सासू ओरडली, जावा आल्या-गेल्या, नातू झाला, तरी पूजा काही संपली नाही.

अंबरीश एप्रिल संपता संपता घरी आला. नऊ किलो उतरलेला, दोन पायऱ्यांत धापा टाकणारा, पण आला. गुंजन त्याला दारात ओवाळायचंही विसरली, नुसती बघत उभी राहिली. शशिकांतरावांनी सुपारी पुसून डबीत ठेवली होती. ती आता कोण आहे, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मेच्या चार तारखेला संध्याकाळी आठ वाजता सगळी गल्ली आपापल्या दारात येऊन उभी राहिली. युद्धात गेलेल्यांसाठी तो देश त्या दिवशी दोन मिनिटं गप्प उभा राहतो. शेजारच्या हेनीबाई, ऐंशीच्या, कुंपणापलीकडे ताठ उभ्या होत्या. शशिकांतरावही उभे राहिले. मग दोघं कुंपणाशी बोलले, त्यांचं इंग्रजी डच वळणाचं, यांचं खडकीच्या. हेनीबाई दक्षिणेकडच्या. तिकडे मार्गरातेनला अमेरिकन सैनिकांची मोठी दफनभूमी आहे, आणि तिथली एकेक कबर गावोगावच्या घरांनी सांभाळायला घेतली आहे. त्यांच्या आईने एक घेतली होती, आता ती त्यांच्याकडे होती. तो सैनिक नात्याचा ना गोत्याचा, पण त्याची पोरं-नातवंडं नाताळला कार्ड पाठवतात. या वर्षी मात्र जाता आलं नाही.

'तिथे जाऊन काय करता?' शशिकांतरावांनी विचारलं.

'फुलं ठेवते. मग घरच्या बातम्या सांगते,' हेनीबाई म्हणाल्या. 'कोण जन्मलं, हवा कशी आहे. त्यांना दुसरं काय सांगणार?'

जूनमध्ये खास सोडलेल्या विमानाने शशिकांतराव पुण्याला परतले, डबी तशीच खिशात घेऊन. पुढची दीड-दोन वर्षं दापोडीच्या घरात त्यांनी दर पौर्णिमेला सुपारीला ऊन दाखवलं. डेल्टाच्या लाटेत त्यांच्याच इमारतीतली तीन माणसं गेली. तेव्हा ते डबी उशाशी घेऊन झोपायचे आणि स्वतःवरच चिडायचे. आणखी एक वर्ष पुढे ढकलायची सोय आता उरली नव्हती.

बावीसच्या एप्रिलमध्ये ते पुन्हा हूफडॉर्पला आले, आणि आठवड्याभरात अंबरीशबरोबर त्या बेटावर. विमानात दोघांच्या तोंडावर मास्क होते. अंबरीशचा दम अजून पुरता परत आला नव्हता, त्यामुळे बापलेक एकाच वेगाने चालत होते. दफनभूमीच्या फाटकाशी खुरटं जुनं ऑलिव्हचं झाड होतं. पलीकडे बोडक्या टेकड्या, कोरडा वारा, मातीचा तोच तांबूस रंग. 'हे तर कोरेगावच आहे रे,' शशिकांतराव म्हणाले. बाबांना इथे अगदीच परकं वाटलं नसेल.

भिंत एका कोपऱ्यात होती. नावं इंग्रजीत कोरलेली. अंबरीशने बोट फिरवत शोधलं आणि बाजूला झाला. शशिकांतरावांनी मास्क खाली केला, चष्मा पुसला, तळहात नावावर ठेवला. दगड उन्हाने तापला होता.

'बाबा, मी शशिकांत,' ते म्हणाले. 'मी झालो. माघात झालो. आईने मला चांगलं वाढवलं. मी खडकीलाच होतो, तुमच्या पलटणीपासून जवळ. हा अंबरीश. तापातून उठलाय. याला एक मुलगी आहे, ती मराठी बोलत नाही पण तुमचं नाव तिनेच शोधून काढलं.' मग हेनीबाईंची आठवण होऊन ते म्हणाले, 'आज हवा चांगली आहे.'

गुंजनने एका पुडीत तांदूळ आणि एका पुडीत हळद लावलेल्या अक्षता बांधून दिल्या होत्या. शशिकांतराव गुडघ्यावर बसले, त्यांना बराच वेळ लागला. नावाखाली, पायथ्याच्या मातीत त्यांनी तांदळाची मूठ ठेवली. डबी उघडली आणि सुपारी तांदळावर मांडली, नावाच्या उजव्या हाताला, पूजेत बायको बसते त्या बाजूला.

अंबरीशच्या हे लक्षात यायला क्षणभर वेळ लागला. 'बाबा, हे आजोबा ना?'

'नाही. आजोबांना तुझ्या बायकोने मोकळं केलं,' शशिकांतराव म्हणाले. 'ही आजी. यांची जोडीने बसायची पूजा राहिली होती.'

मग अंबरीश वाकला, अक्षतांची पुडी सोडली, चिमूट घेतली, आणि गुंजनने शिकवून पाठवल्याप्रमाणे दुसऱ्या हाताची दोन बोटं सुपारीकडे नेली. शशिकांतरावांनी त्याचं मनगट धरलं.

'हलवू नकोस,' ते म्हणाले. 'आता बसू दे तिला.'